डाव्या कुशीची उशी

आईस,

तुझ्या थोरलीचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, काळजी करू नकोस. आठवा महिना सरला. आडवी झाले की धाप लागते, इतकंच. डॉक्टरबाई म्हणाल्या, डाव्या कुशीवर झोपा, डोकं उंच ठेवा, पोटाखाली उशी घ्या.

घरात उशा दोनच, त्याही डोक्याखालच्या. म्हणून आमच्या शिलाईच्या कारखान्यातली कात्रणं भरून एक लांबलचक उशी शिवली. पहिल्याच दिवशी तुझ्या जावयांनी तिला पाठ टेकली, "काय झकास झालीय गं!" म्हणाले आणि घोरायला लागले. तेव्हापासून ती त्यांची. मागितली तर म्हणतात, "दिवसभर राबतो, पाठ धरते माझी." मी तर दिवसभर झोपाळ्यावर बसते ना! पण तू पत्रात बजावलं होतंस, 'सांभाळून घे', शब्दाने शब्द वाढवायचा नाही. नाही वाढवला. भिंतीला टेकून बसते, तशीच डुलकी घेते.

खरी झोप होते ती कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. बायका कापडाचे गठ्ठे रचून देतात. मी डाव्या कुशीवर वळते आणि छाती भरून श्वास घेते. तेवढा वेळ सगळ्या हळू आवाजात बोलतात.

तुझा गुडघा कसा आहे? धाकटीसाठी स्थळं बघताय म्हणे.

बाबांना सहज विचार, माझ्या वेळी तू कशी झोपायचीस. त्यांना आठवणार नाही. तुला आठवत असेल, तर मला 'सांभाळून घे' असं पुन्हा लिहू नकोस.

तुझीच,
थोरली