पहिल्या खिळ्यावरचे घड्याळ

मी, अपेक्षा रोहिदास काळदाते, वय एकतीस, व्यवसाय घड्याळदुरुस्ती, राहणार निगडी प्राधिकरण, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. मला काळजी वाटते. पण घाबरलेल्या माणसाची बुद्धी कायद्याने शाबूतच धरतात, हे मी वकिलांना दोनदा विचारून घेतले आहे.

१. निगडी बसस्थानकाजवळचे दुकान वडिलांनी माझ्या नावे केले होते. ते माझी आई कुसुमताई हिला मिळावे आणि तिच्यानंतर धाकटा भाऊ कुलदीप याला. "ताई, वेळ मोबाइलमध्ये दिसते. सगळ्या निगडीला कळलं, तुलाच कळायचं राहिलंय," असे तो म्हणतो. त्याने तेथे खुशाल मोबाइलची कव्हरे विकावीत. वडिलांच्या नावाची पाटी मात्र उतरवू नये.

२. वडिलांची हत्यारांची पेटी आणि दोन्ही भिंगे रश्मीला द्यावीत. ती तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करते आणि रविवारी माझ्याकडे काम शिकते. लहान चिमट्याचे टोक किंचित वाकडे आहे. ते मी नऊ वर्षांची असताना वाकवले आणि वडिलांना शेवटपर्यंत सांगितले नाही.

तसेच आमचे जुने गिऱ्हाईक हिंदुराव यांना कळवावे की "पोरीच्या हातात घड्याळ देणार न्हाई" म्हणून ते जे घड्याळ कुलदीपकडे देत आले, ते नऊ वर्षे मीच दुरुस्त केले आहे. त्यांना आधी चहा पाजावा, मग सांगावे.

३. लोखंडी कपाटात पांढऱ्या फडक्यात एक इंग्रजी बनावटीचे खिशातले घड्याळ आहे. सोन्याचे, झाकणावर निळी मीनाकारी, कडेला बारीक पांढरी फुले. हे घड्याळ माझे नाही. ते कोणाला देण्याचा मला अधिकार नाही, फक्त परत करण्याचा आहे. ते चऱ्होलीच्या सोपानराव तापकीर यांचे आहे. त्यांच्या आजोबांनी खडकीला एका इंग्रज साहेबाचे घोडे सांभाळले, त्याने जाताना दिले.

या घड्याळाची कळ दाबली की जितके वाजले असतील तितके ठोके ते देते. वीज नव्हती तेव्हा अंधारात वेळ कळावी म्हणून अशी घड्याळे करीत. ठोके वीस वर्षे बंद होते. गेल्या वर्षी सोपानराव ते घेऊन आले.

"आमच्या शालनबाईचं डोळं गेलं, पोरी. आता अंथरुणावरनं उठत बी न्हाई. सारखी इचारती, किती वाजलं, किती वाजलं. आमचं लगीन झालं तवा हे तिच्या उशाशी असायचं. पुन्यांदा वाजलं तर तिची तिला येळ कळंल."

मी पाच दिवसांत ठोके सुरू केले.

पण आमच्या दुकानात एक फळा आहे. त्यावर सात खिळे. दुरुस्त झालेले घड्याळ पहिल्या खिळ्यावर लावायचे, रोज एक खिळा पुढे. सात दिवसांत एकदा जरी मिनिटभर चुकले तरी पुन्हा पहिल्या खिळ्यावर. वडिलांचा नियम. मी त्यांच्याकडेच शिकले, दुसरी शाळा मला माहीत नाही. सोपानरावांचे घड्याळ दर वेळी तिसऱ्या-चौथ्या खिळ्यापर्यंत नीट जाई आणि मग दोन मिनिटे मागे पडे.

ते दर गुरुवारी, कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी, बसने येत.

"वाजतंय न्हवं?"

"वाजतंय बाबा. पण दोन मिनिटं मागं पडतंय."

"मला काय शिफ्ट गाठायचीय व्हय?" असे म्हणून हसत आणि परत जात.

असे पाच गुरुवार झाले. पाचही वेळा मी घड्याळ पहिल्या खिळ्यावर परत लावले. सहाव्या गुरुवारी ते आले, तेव्हा शालनबाईंना जाऊन चार दिवस झाले होते. घड्याळ तिसऱ्या खिळ्यावर होते. मी काढून पुढे केले. त्यांनी हात लावला नाही. "ऱ्हाऊ दे. आता कुनाला ऐकवू?" म्हणाले आणि ते तिथेच ठेवून गेले.

मी आईला म्हटले, नियम बाबांचाच होता. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अगं, तो नियम त्यांनी कंपनीवाल्यांसाठी केला होता. घड्याळ मागं पडलं की कंपनीची बस चुकायची, खाडा लागायचा. त्या म्हातारीला कुठली बस धरायची होती?"

हे मला कोणी विचारले नव्हते, तरी येथे लिहून ठेवते. चूक घड्याळाची नव्हती.

४. माझ्या मृत्यूनंतर कुलदीपने हे घड्याळ चऱ्होलीला नेऊन सोपानरावांच्या हातात द्यावे. मला त्यांच्यासमोर उभे राहण्याचे धैर्य नाही.

दुरुस्ती : कलम ४ मी स्वतः खोडले असून शेजारी सही केली आहे. कारण असे. आज सकाळी साक्षीदार म्हणून आलेल्या शेजारच्या सुमनताईंनी सही करण्याआधी कागद वाचून काढला आणि पेन खाली ठेवले. "म्हणजे त्यांनी आता तू मरायची वाट बघायची का? वार कुठला आज?"

गुरुवार होता.

आम्ही दोघी आणि दुसरे साक्षीदार रिक्षावाले ज्योतीराम असे चऱ्होलीला गेलो. सोपानराव खाटेवर पडून होते. "दोन मिनिटं मागंच आहे, बाबा," मी सांगितले. "आसू दे," ते म्हणाले. त्यांनी घड्याळ कानाशी धरून कळ दाबली. अकरा ठोके पडले. मग त्यांनी ते कानापासून काढले, शेजारच्या रिकाम्या उशीवर ठेवले आणि पुन्हा कळ दाबली.

त्यामुळे सदर घड्याळाबाबत आता कोणाला काहीही करावयाचे नाही. फळ्यावरचे सातही खिळे काढून टाकावेत.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यादेखत सही केली.

सही : अपेक्षा रोहिदास काळदाते
साक्षीदार : १. सुमनताई वाळुंज, निगडी  २. ज्योतीराम मुंढे, निगडी
ठिकाण : निगडी
दिनांक : २० फेब्रुवारी २०२५, गुरुवार