पिस्ता रंगाची गिटार आणि स्थळाची चौकशी

सोमवार, ८ सप्टेंबर

मुलगा बरा. गिटार वाईट!

शनिवारी अजिंक्य आमच्या प्रणिताला बघायला आला. उल्कावन्संनी — यांच्या बहिणीनं — आणलेलं स्थळ. मूळचा पुण्याचा, नोकरी इथे बंगळुरातच, कोरमंगलात, राहतो तिथेच पीजीत. बोलणं अदबीचं. पोहे दोनदा घेतले, रिकामी ताटली स्वतः उचलून मोरीपाशी नेली. इथवर सगळं ठीक. पण पाठीवर एवढं लांबलचक काळं दप्तर! आत येताना दाराच्या तोरणात अडकलं. "काकू, पीजीत ठेवायची भीती वाटते हो." उघडून दाखवलं. बास गिटार म्हणे. चार जाड तारा, पिस्त्याचा रंग, मध्ये कासवाच्या पाठीसारखी तपकिरी पट्टी. कडांचा रंग उडालेला. म्हटलं, जुनी घेतली काय? तर हसला. "नाही काकू, नवीच आहे. रेट्रो. हा उडालेला रंग कारखान्यातूनच येतो. त्याचे जास्त पैसे पडतात."

खरचटल्याचे जास्त पैसे! आमच्या चामराजपेटेत पोचा आलेलं पातेलं मोडीत घालताना माणसाची मान खाली जाते.

हे म्हणाले, "रंग छान आहे." मी नुसतं बघितलं. यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

पितृपंधरवडा लागला. होकार की नकार, ते घटस्थापनेला कळवायचं. चौकशीला पंधरवड्याची हरकत नाही — गुरुजींना विचारून घेतलं आहे.

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रणिताला विचारलं, मुलगा कसा वाटला?

"तू म्हणशील तसं."

पहिल्यापासून अशीच. सोन्यासारखी पोर. कॉलेज, नोकरी, ड्रेसचा रंगसुद्धा — मी म्हणेन ते. फक्त एवढंच म्हणाली, "ती गिटार वाजवताना बघायला हवं त्याला." बघायचं काय त्यात!

गुरुवार, ११ सप्टेंबर

दत्ताचा वार. आरती आटोपून अवधूतला फोन लावला. अजिंक्यच्याच खोलीत राहतो, तोही हीच चार तारांची गिटार वाजवतो. म्हटलं, बाळा, खरं सांग, कसं काय वाटतं?

विचारायचं होतं मुलाबद्दल. एवढ्या मोठ्यानं घसा खाकरून मी विचारतेय ते स्थळाबद्दलच असणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण हा सुटलाच. "काकू, दिसायला एक नंबर. पण हात सोडला ना, की तिची मान, म्हणजे वरचा दांडा, खाली जाते. पट्ट्यानं खांदा भरून येतो. खुंट्या जुन्या पद्धतीच्या, सूर टिकत नाही. मी तर फुकट दिली तरी घेणार नाही." मी म्हटलं, अरे, मुलगा कसा आहे? "कोण, अजिंक्य? चांगला आहे. पण त्याला मी तेव्हाच सांगितलं होतं, दुसऱ्या रंगाची घे."

पितो का, रात्री किती वाजता येतो, आईला फोन करतो का — सगळं राहूनच गेलं. खुंट्यांबद्दल मात्र मला आता बरंच कळतं.

रविवार, १४ सप्टेंबर

दर्शनाला जाते सांगून बसवनगुडीला गेले. दर्शन घेतलंच, खोटं नको. येताना गुरुराजच्या दुकानात डोकावले. हा सगळ्यांच्या गिटारी दुरुस्त करतो. अजिंक्यचं नाव काढलं. गुरुराजनं खुर्ची पुसून दिली. वाटलं, आता माणूस कळणार.

"अक्का, खरं सांगू? खोटं म्हातारपण आहे ते. कालचं पोर धोतर नेसून काठी घेऊन हिंडतंय म्हणा. पण आवाज... आवाज स्वल्प, म्हणजे जरासा, गोल आहे. खाली पोटात बसतो." मग म्हणाला, त्याच्याकडेही अशीच होती, विकली, आजवर हळहळतो. तिथे एक मुलगी आली, सौम्या. अजिंक्यच्या बँडात ड्रम बडवते. केस माझ्या लहान भावाएवढे आखूड! ती म्हणाली, "आंटी, गुरुराजण्णांचं ऐकू नका. त्या गिटारीचा आवाज वेगळा ऐकू येतच नाही, तेच चांगलं. थांबली की कळतं, काहीतरी गेलं."

"तारा बदलल्या की ऐकू येईल!"

"बदलू नका ना पण! जुन्याच तारांत मजा आहे."

दोघं हमरीतुमरीवर आले. जुन्या तारा, नव्या तारा. मी मध्ये म्हटलं, मुलगा रागीट आहे का हो? दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. गुरुराज म्हणाला, "तो? तो कुणाला काही बोलतच नाही, अक्का." आणि परत तारांवर.

रागीट नाही. हे एक कळलं. लिहून ठेवते.

येताना मनात आलं — ऐकू येत नाही, थांबलं की कळतं. हे यांच्याबद्दलही म्हणता येईल. पण हे थांबलेत कधी, ते मला तरी कळलेलं नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर

एकादशी. पोटात वरीचा भात, डोक्यात गिटार.

विचार पक्का झाला. मुलात खोट नाही. पण जो नवं सोडून मुद्दाम उडालेल्या रंगाचं घेतो, वर जास्त पैसे मोजतो, त्याच्या हाती संसार द्यायचा कसा? उद्या गळकी बादली घेऊन येईल आणि रेट्रो म्हणेल!

सरळ अजिंक्यलाच फोन केला. आवाज गोड ठेवला. म्हटलं, "लग्नानंतर त्या गिटारीला वेळ कुठला मिळणार रे? जागा पण अडते. बघ बाबा, मी आपलं सांगितलं." म्हणाला, "सरी, काकू." सरी, म्हणजे बरं! कन्नडही शिकतोय. मुलगा हुशार आहे.

यांना सांगितलं. पेपर खाली केला, तोंड उघडलं, परत पेपर वर केला.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

विकली!

स्वतः फोन करून सांगितलं त्यानं. एका शब्दावर! असा जावई शोधून सापडायचा नाही. आणि घेतली कुणी? अवधूतनं! फुकटसुद्धा नको म्हणणाऱ्यानं! त्यालाच फोन करून विचारलं, अरे, मान खाली जाते ना तिची? "काकू, ती सवयीची गोष्ट आहे. पण आवाज गोल आहे हो, पोटात बसतो." खांद्याचं काही बोलला नाही. सूर आता टिकतो म्हणे. एका रात्रीत!

प्रणिता ऑफिसातून आल्या आल्या बातमी दिली. ती चप्पल काढत होती. एक काढली, दुसरी तशीच पायात. "त्यानं काहीच म्हटलं नाही? नाही विकत, असं?" म्हटलं, कशाला म्हणेल? समजूतदार आहे.

जेवली नाही. ऑफिसात केक होता म्हणे.

शनिवार, २० सप्टेंबर

देवाला कौल लावला. फूल डावीकडे पडलं. पंख्याच्या वाऱ्यानं असेल. पंखा बंद करून परत लावलं. डावीकडेच. फूल जड होतं. तुळशीचं पान लावलं — उजवीकडे! देवाची इच्छा.

रविवार, २१ सप्टेंबर

सर्वपित्री. पितरांची पानं वाढली. उल्कावन्संना कळवून ठेवलं, उद्या घट बसले की होकाराचा फोन करते. त्यांनी तिकडे पेढे सांगितलेसुद्धा.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. होकार कळवायला फोन हातात घेतला, तर प्रणितानं माझा हात धरला. "नको, आई."

म्हटलं, आता काय खोट राहिली त्याच्यात?

म्हणाली, "तुला नाही म्हणणारं एक तरी माणूस या घरात यावं, असं वाटलं होतं. मला कधी जमलं नाही."

यांनी पेपर घडी करून ठेवला. प्रणिताकडे बघत होते.

उल्कावन्संना नकार कळवला. त्यांनी कारण विचारलं. सांगायला तोंड उघडलं, आणि फोन ठेवून दिला.