कारखाना बंद होतोय, हे सांगायचं होतं

मिरजगाव, मंगळवार, संध्याकाळ

दादा म्हणाला, "बायकांना तू सांग. तुला बोलता येतं." बोलता येतं! जिल्हाभर माईक हातात घेऊन सरकारला जाब विचारते मी. आमचा शिलाई कारखाना दिवाळीनंतर बंद होतोय, एवढं एक वाक्य बावीस बायकांना सांगायला काय लागणार होतं?

पण सुरुवात केली आजोबांपासून. त्यांची दोन पायमशीन, टोप्या, मग शाळांचे गणवेश. ऊसतोडीला न जाता इथं टिकलेल्या बायका. आवाज चढत गेला. सगळं खरं होतं, म्हणूनच चढला. शेवटच्या वाक्यासाठी श्वास घेतला आणि टाळ्या पडल्या. उभं राहून टाळ्या.

का थांबले? टाळ्या संपेपर्यंत थांबायची सवय. त्या संपल्या तेव्हा सगळ्या पुन्हा मशीनवर बसल्या होत्या.

गोड बोलून फसवणाऱ्यांवर किती भाषणं ठोकलीत मी आजवर. आणि आज त्या टाळ्या मुकाट्याने घेतल्या.

निघताना कॉलर शिवणाऱ्या कमलमावशी दारात आल्या. "लई भारी बोललीस गं ताई. आता इलेक्शनला हुबी ऱ्हा! बरं, उद्यापास्नं सुनेला आनू का कामाला? तोडीला जायचं न्हाई म्हनते ती. मुकादमाला न्हाई सांगून टाकते."

मी "आणा" म्हणाले.

तोडीची माणसं ठरवायला मुकादम सकाळीच येतो. म्हणजे आत्ताच मावशींच्या घरी जायला हवं. फार दमलेय. जाते.