डोळे न आखलेली मूर्ती

प्रिय दादा,

आज कुंभिवलीचे पाटील रिकामा पाट घेऊन आले, म्हणून लिहितो आहे. चतुर्थी जवळ आली. तुझी शेवटची मूर्ती त्यांना हवी आहे. "डोळं तेवढं पेणच्या कारागिराकडनं आखून घेऊ," म्हणाले. "गेलेल्याचं नाव तरी ऱ्हाईल."

मी उद्या सांगतो म्हणालो.

आठवतं? आषाढ लागला की लोक आपापले पाट आणून देत. प्रत्येक पाटाखाली घराची खूण. खोपोलीपासून कर्जतपर्यंतचे पाट आपल्या भिंतीला रचलेले असत. त्यांवर तू मूर्ती घडवायचास. डोळे सगळ्यांत शेवटी. तेव्हा मात्र समोर बसून नुसता बघत राहायचास. मग म्हणायचास, "नाय. आंधळीच जाऊ दे." आणि मूर्ती पुन्हा मातीच्या हौदात!

लोक रिकामा पाट उचलून परत जात. "तुजा गणपती खुद्द देवाला तरी पसंत पडंल का रं?" एकाने हसत विचारलं. तू हसला नाहीस. पुढच्या वर्षी पाट कमी आले. मग आलेच नाहीत.

तुला दिसायची ती खोट खरी असायची. दाखवलीस की मलाही दिसायची. त्या नजरेवाचून तुझा हात इतका तयार झालाच नसता. पण आधी ती नजर हाताच्या मागून चालायची. पुढे तीच हाताची वाट अडवून दारात जाऊन बसली. का बसू दिलीस? माती भिजायच्या आत तू "नाय" म्हणू लागलास.

वहिनी एकदाच बोलली. "तुमचं हात देव घडवत्यात, आन् तुमचं डोळं त्याला जगू देत नाय." तू माती मळायला बसलास.

शेवटची मूर्ती आपल्या घरच्याच पाटावर आहे. तुला ताप चढला तेव्हा ती वाळत होती. ती तू मोडली नाहीस. पटली म्हणून? की उठवत नव्हतं म्हणून? मी विचारलं, तर तू भिंतीकडे तोंड केलंस.

वहिनी रोज मूर्तीवरचं फडकं बाजूला करते. "भाऊजी, ह्यो त्यांना पटला व्हता ना?"

मी हो म्हणतो. तिला ते खरं वाटत नसावं. रोज विचारते.

उद्या पाटलांचा पाट परत देईन. या मूर्तीला परक्या हाताने डोळे येणार नाहीत, हा माझा शब्द. आणि वहिनी विचारील तोवर मी हो म्हणत राहीन. मला मात्र ते कोणाला विचारता येणार नाही.

तुझा धाकटा,
बाळू