तुझ्या खोलीतले पेपर

रविवार, १२ जानेवारी

लाडक्या चिमणे,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंचा गुडघा कसा आहे? पिल्लूचे पुढचे दात आले का? मी मजेत आहे. बीपी ताब्यात आहे, गोळ्या वेळेवर घेते. फोनवर आपण हवापाण्याचं बोलतो आणि ठेवून देतो, म्हणून आज पत्र. पत्रात मधेच कोणी तोडत नाही.

आधी एक सांगून टाकते. तुझा पलंग बाहेरच्या खोलीत आणलाय आणि तुझ्या खोलीत पेपर आहेत. रद्दी म्हणू नकोस! शाळेतून निवृत्त झाल्यावर मी त्या बंद पडलेल्या दैनिकाच्या इमारतीत जायचे, तिथले जुने अंक झटकून पानापानाचे फोटो काढायला, हे तुला ठाऊक आहे. ती इमारत विकली गेली. मालक म्हणाले, "बाई, संध्याकाळपर्यंत काय ते उचला. उद्या रद्दीवाल्याचा ट्रक येतोय." हे काम करणारे आम्ही चारपाच जण गठ्ठे बाहेर ओढायला लागलो, पण न्यायचे कुठे? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे एक खोली रिकामी आहे."

रिकामी म्हटलं खरं. जीभ चावली मी नंतर.

टेंपो भरला तो फोटोवाल्यांनी. हे त्या दैनिकाचे फोटोग्राफर. उभी हयात रस्त्यांवर कॅमेरा घेऊन हिंडले, म्हणून सगळे त्यांना फोटोवालेच म्हणतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्यांच्याकडे रस्त्यांचे पेटाराभर फोटो, पण मागे तारीख एकावरही नाही. मग आम्ही युक्ती काढली. फोटोत कुठे थिएटरचं पोस्टर दिसलं, की त्या सिनेमाची जाहिरात पेपरात शोधायची. आठवडा तरी सापडतोच. सापडला की फोटोवाले टेबलावर थाप मारतात आणि पानांचा चुरा उडतो. मी ओरडते. रोज ओरडते.

लोकांना कळलं, तशी रविवारी दारात चपला दिसायला लागल्या. एकदा एक वेल्डर आला. रस्ता रुंद करताना त्याच्या वडिलांचं चहाचं दुकान पाडलं होतं. ते गेले तेव्हा हा पाळण्यात. घरी वडिलांचा एकही फोटो नाही. फोटोवाल्यांनी पेटारा उपसला. एका फोटोत दुकानाची पाटी सापडली आणि पाटीखाली हातात किटली घेऊन हसणारा माणूस. वेल्डरने फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मग म्हणाला, "इतके बारीक होते?" पुढच्या रविवारी तो लोखंडी मांडण्या घेऊन आला, स्वतः बनवलेल्या. जिन्यातून वर चढवताना भिंतीचा रंग गेला, पण पेपर जमिनीवरून उचलले गेले.

आणि आता आनंदाची बातमी. नगरपालिकेने जुन्या पाणीपुरवठा कचेरीचा वरचा मजला दिलाय. कोरडा, उजेडाचा. पुढच्या महिन्यात सगळं तिकडे हलणार. कोणीही यावं, बघावं.

आता तू म्हणशील, आई, हे तर फोनवरही सांगता आलं असतं. खरंय. गेल्या आठवड्यात तू विचारलंस, "तिकडे कोण खोकतंय?" मी म्हटलं, टीव्ही. टीव्ही नव्हता गं.

मजला मिळाल्याचं कळलं त्या दिवशी फोटोवाले चहा नुसताच ढवळत बसले होते. मी म्हटलं, "तोंड का पाडलंत? पेपर वाचले की!"

"वाचले. पण ते गेल्यावर मी इथे कुठल्या निमित्ताने येऊ?"

"निमित्त कशाला हवं?" मी म्हणाले. म्हणून झाल्यावर माझे कान तापले, या वयात! त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "नीट विचार करून बोलताय ना, बाई?" मी म्हटलं, "शिक्षिका होते मी. विचार करूनच बोलते." रद्दीवाल्याचा दिवस सोडला तर हे खरंही आहे.

पुढच्या महिन्यात आम्ही लग्नाची नोंदणी करतोय. ते इथेच राहायला येतील.

तुझ्या मनात काय येईल ते मला कळतं. बाबांचा फोटो होता त्याच भिंतीवर आहे. फोटोवाल्यांनीच तो जरा वर लावला. म्हणाले, "खिडकीचा उजेड काचेवर पडतो, साहेबांचा चेहरा दिसत नाही." त्यानंतर मी मोरीत जाऊन रडले. दुःखाने नव्हे. बाबा गेल्यापासून या घरात मी आणि भिंती, एवढेच होतो. तुला काळजी नको म्हणून कधी बोलले नाही. संध्याकाळ झाली की उगाच भांडी घासलेली पुन्हा घासायचे.

मी परवानगी मागत नाहीये, एवढं ओळखलंच असशील. पण नोंदणीला साक्षीदार लागतात आणि त्यातली एक सही तुझी असावी असं मला फार वाटतं. रागावलीस तर रागावून ये. भांडायला ये. पण ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून, खूप दिवसांनी मनापासून सुखात असलेली,
तुझी आई