एका तासाचा शेरा

१२ फेब्रुवारी, रविवार दुपार

प्रिय बारके,

तुला आशीर्वाद, तुझ्या अहोंना नमस्कार. आईचा गुडघा पुष्कळ बरा आहे. काठी दाराशी टेकवून स्वयंपाकघरात फिरते आणि माझ्या हातचं सगळं अळणी लागतं म्हणून सांगते. म्हणजे तब्येत ठणठणीत आहे असं समज.

फोन केला असता, पण फोनवर तू "बरं ताई, ठेवते" म्हणतेस आणि माझं निम्मं बोलणं तोंडातच राहतं. म्हणून पत्र.

बातमी अशी की गेलं वर्षभर मी आमच्या कॉलेजातल्या अध्यापक विकास केंद्राची प्रमुख आहे. नाव भारदस्त, खोली मात्र मोडक्या खुर्च्यांची होती. शिपायाला हाताशी धरून त्या बाहेर काढल्या, एक लांब टेबल मिळवलं, आणि कित्येक वर्षं न उघडलेली खिडकी सुताराकडून उघडून घेतली. प्राध्यापकांचं प्रशिक्षण म्हणजे काय असायचं ते तुला ठाऊकच आहे. बाहेरून पाहुणा यायचा, दोन तास बोलायचा, पुढच्या रांगेत डुलक्या, मागच्या रांगेत पेपर तपासणं, शेवटी चहा आणि प्रमाणपत्र. मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, "पाहुणे बंद. आपणच एकमेकांच्या तासाला जाऊन बसायचं. शिकवणाऱ्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. मुलं काय करतात तेवढंच टिपायचं, घड्याळ बघून. आणि तो कागद शिकवणाऱ्याच्याच हातात द्यायचा. वर कुठेही जाणार नाही."

जो तो आपापली वही चाळायला लागला. आपल्या वर्गाचं दार दुसऱ्यासाठी उघडायचं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. शेवटी गणिताचे सर मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "मग सुरुवात तुमच्यापासून, मॅडम. उद्या दहाला येतो."

"या की," मी म्हटलं. सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतेय, मला कसली भीती? मनात म्हटलं, बघू दे एकदा शिकवणं कशाला म्हणतात ते.

तास संपल्यावर त्यांनी हातात कागद ठेवला. त्यातला थोडा उतरवते. "दहा बारा : मागच्या बाकावरच्या चौघींनी लिहिणं थांबवलं. दहा वीस : मॅडम विचारतात, 'समजलं?' सगळ्या माना हलतात. शेजारच्या मुलाला हळूच विचारलं, काय समजलं रे? तो म्हणाला, 'मान हलवली की मॅडम पुढे जातात, सर.'"

दोन दिवस मी त्या माणसाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र स्वतःहून गेले आणि विचारलं, त्या चौघी नेमक्या कोणत्या वाक्याला थांबल्या? त्यांनी सांगितलं. तिथून मी नव्याने शिकवायला लागले, बारके, या वयात. "समजलं?" हा शब्दच सोडून दिला. तास संपता संपता चिठ्ठ्या वाटते, कळलं नाही ते लिहा म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात करते. पहिल्या गठ्ठ्यातल्या एका चिठ्ठीवर एकच शब्द होता : "सगळंच."

गणिताच्या सरांचा तो कागद मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवला. लोक पोट धरधरून हसले आणि त्या आठवड्यात सहा जणांनी आपल्या तासाची वेळ लिहून दिली. आज एकतीस जण आहेत. खोटा विनय कशाला, हे काम मला छान जमतं. इतकं छान आधी काहीच जमलं नव्हतं.

इथवर लिहून दोनदा उठले. एकदा पाणी प्यायले, एकदा उगाचच आईची काठी सरळ उभी केली. आता लिहितेच.

इतिहासाची एक नवी मॅडम आहे, सत्तावीस वर्षांची, वर्षाच्या करारावर. आवाज बारीक, वर्गात कलकलाट. तिला ठेवायचं की नाही हे ठरवायला निवड समितीने माझा शेरा मागितला. हे केंद्राचं काम नव्हतं. एक तास बसा, फॉर्म भरा, एवढंच. मी बसले. परत येऊन पेन उघडलं आणि हाताने आपसूक लिहिलं, "वर्गावर ताबा नाही." मग हात पुढे जाईना. हेच तीन शब्द मी याआधी एकदा लिहिले होते.

एकोणीस वर्षांपूर्वी. तुझ्या अर्थशास्त्राच्या तासाबद्दल.

तुझा करार समितीने वाढवला नाही, असंच तू आजवर धरून चाललीस. समितीने माझा कागद वाचून सही केली, बारके. तेव्हाचे प्राचार्य मला म्हणाले होते, "सख्खी बहीण आहे, तुम्ही जास्तच कडक बघाल." मी तुझ्या वर्गात एक तास बसले आणि लिहिलं, "वर्गावर ताबा नाही. अध्यापनास योग्य नाही." त्या संध्याकाळी तू माझ्याच मांडीवर डोकं ठेवून रडलीस. मी तुझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "समितीला अक्कल नाही." विमा कचेरीतली नोकरीही मीच बघून दिली. त्याबद्दल तू अजून माझे आभार मानतेस.

तेव्हा मला तसं वाटलं होतं, म्हणून लिहिलं. एवढंच सांगू शकते.

त्या मुलीचा फॉर्म मी फाडला आणि समितीकडे आणखी चार तास मागितले. प्रत्येक तासाआधी तिच्याबरोबर बसले. ती प्रश्न विचारायची आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर द्यायची, मग मुलं आपसात बोलायची. थांबायला शिकली. पाचव्या तासाला कलकलाट होताच, पण तो धड्यावरून होता. समितीतले एक जुने गृहस्थ म्हणाले, "मॅडम, पाच तास कशाला? माणूस एका तासात कळतो."

"मीही एकदा एका तासात ठरवलं होतं," मी म्हटलं. "चुकलं."

"कोणाबद्दल?"

"माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल."

तिची नोकरी राहिली. पण हे मी चार लोकांत तुझ्याआधी बोलले, आणि ते दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर जायच्या आत माझ्याकडून जायला हवं. ती मुलगी विचारत होती, वर्गात वाद रंगवायचा कसा? मी सांगितलं, मला येत नाही. माझ्या बहिणीला यायचं. एकदा इथे येऊन तास घेऊन तिला दाखवशील का?

रागव, पण पत्र पुरतं वाच.

तुझी
ताई


७ मार्च, मंगळवार

बारके,

तीन आठवडे रोज टपालाची पेटी बघत होते. काल तुझी चिठ्ठी मिळाली. दोन ओळी. "ताई, खरंच तसं वाटलं होतं का? पुढच्या सोमवारी येते, त्या इतिहासवाल्या मुलीसाठी, तुझ्यासाठी नाही."

दुसरी ओळ मान्य. पहिलीचं उत्तर तू यायच्या आत तुझ्या हातात पडायला हवं. ते वाचून यावंसं वाटलं नाही तर नको येऊस.

नाही. तसं वाटलं नव्हतं.

त्या तासाला मी काय पाहिलं ते लिहिते. वेळा आठवत नाहीत, बाकी लख्ख आठवतं. तू फळ्यावर एका बंद पडणाऱ्या कारखान्याची गोष्ट लिहिलीस आणि वर्गाचे दोन भाग केलेस, मालक आणि कामगार. दोन मुली खिडकीजवळ उभ्या राहून हातवारे करत भांडत होत्या. माझ्या तासाला रोज झोपणारा एक उंच मुलगा खडू घेऊन फळ्यापाशी होता आणि "थांबा, हिशेबच चुकतोय तुमचा" म्हणून ओरडत होता. तू एका कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी होतीस आणि तासभरात फार तर दहा वाक्यं बोललीस. घंटा झाली. कोणी उठलं नाही. मीही उठले नाही.

मग मी स्टाफरूममध्ये जाऊन तो शेरा लिहिला.

मुलं माझ्या तासाला वह्या भरायची आणि तुझ्या तासाची वाट बघायची. मी सात वर्षं आधी लागलेली, तुला नोकरीला घ्या म्हणून सांगणारी मी, आणि आठ महिन्यांत जिन्यात मुलं मला विचारायला लागली, "धाकट्या मॅडम आज आल्यात का?" ते मला सहन झालं नाही. मला दिसत नव्हतं, कळत नव्हतं, यातलं काही खरं नाही. मागच्या पत्रात मी तुझ्याशी पुन्हा एकदा खोटं बोलले. तू एका ओळीत पकडलंस.

आज सकाळी प्राचार्यांकडे गेले. तुझ्या जुन्या फाइलमध्ये ठेवायला नवा शेरा लिहून नेला होता, वर लिहिलं तेच सगळं, खाली माझी सही आणि आजची तारीख. ते म्हणाले, "एकोणीस वर्षांनी याचा काय उपयोग, मॅडम?" मी म्हटलं, "उपयोग असो नसो, कॉलेजच्या कागदात खोटं राहता कामा नये. आणि ते माझ्या हस्ताक्षरात आहे." त्यांनी शिक्का मारला. पोच सोबत जोडली आहे.

आईलाही सांगितलं. ती काठी उचलून खोलीत निघून गेली. आज माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायलाही आली नाही.

सोमवारी साडेदहाला तुझा तास, तळमजल्यावरचा डावीकडचा वर्ग. एकतीसच्या एकतीस जण येणार आहेत, गणिताचे सर तर आतापासून वही घेऊन तयार आहेत. तुझी ओळख मी करून देणार नाही. तो हक्क मला नाही. मी दुसऱ्या मजल्यावर माझा तास घेत असेन.

तुझा तास घंटेपर्यंत रंगून बघणारी आणि नंतर खोटं लिहिणारी,

तुझी ताई