दुपारची पाळी

३ मार्च १९३१, महाड
पोचले एकदाची! आंबेनळी घाटात मोटारीने हाडे खिळखिळी केली, तरी मन मजेत आहे. पुण्यात शिकलेली नर्स इथे पहिलीच, त्यामुळे मला बघायला दवाखान्यात ही गर्दी! खाटा आठ, ढेकूण आठशे. हात धुवायला सांगितले तर आया प्रयागबाई बोटांची टोके भिजवते. डॉक्टरांचा नवा नियम असा की तिने आणि मी चार दिवस दिवसपाळी, चार दिवस रात्रपाळी आलटून-पालटून करायची; एक दिवसा तर दुसरी रात्री. मी आणि ती अडाणी बाई एका तागडीत! काय पण अक्कल!

१२ मार्च
पहिली रात्रपाळी संपली. आता रात्री डोळा लागत नाही आणि दिवसा उभ्या उभ्या पेंगते. डॉक्टर म्हणतात, सवय होईल. स्वतः मात्र नऊला घोरतात.

१६ मार्च
पुन्हा रात्रपाळी. पोलादपूरकडची रखमा आली. लाकडे तोडताना पडून मांडी मोडली आहे. कळ थांबायला रात्री दहाला अफूच्या अर्काचे दहा थेंब, तेही एकदाच. जास्त झाले तर उठायची नाही. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असते. या गबाळ्यांच्या हाती विष कोण देईल?

१७ मार्च
रखमा दिवसभर गुंगीत. बाटलीतला अर्क कमी झालाय. प्रयागबाईला फैलावर घेतले, तर उलट मलाच म्हणते, बाई, तुमीच भर दुपारी येऊन पाजलाव, हाक मारली तर वळून बघितलं नाय. खोटारडी मेली! दुपारी मी खोलीत झोपले होते.

१८ मार्च, सकाळ
पाळी बदलून मागितली. डॉक्टर हसले. रखमाचा नवरा चांगूही तेच रडगाणे गातो: बाईंचे डोळे उघडे होते, पण नजर हाय कुठं? दोघांचे संगनमत आहे, दुसरे काय.

संध्याकाळ
आतून कडी लावून झोपले होते. उठले तर दार उघडे. बोटांना अर्काचा वास. म्हणजे मीच—
भीती वाटते. खरेच फार भीती वाटते.
प्रयागबाई पाया पडून किल्ली मागत होती. देऊन टाकावी. पण तिला दहापर्यंत मोजता तरी येते का? तिच्या हाती किल्ली? शक्य नाही.

१९ मार्च
आज दुपारी झोपायचेच नाही. लिहीत बसते.
अकरा. जागी आहे.
साडेअकरा. जागी—
बारा. रखमा शांत. दहा थेंब दिले.
बारा. दहा थेंब दिले.
बारा. प्रयागबाई हात ओढते आहे, चांगू बोंबलतो आहे. शिस्त म्हणून नाही या लोकांना. रखमा तोंड उघडत नाही. चमच्याने दात उचकटून दहा थेंब—